उंचवट्यावर कोणी राहावे?

हजीऱ्याला निघालो आहे असे मी शेजारच्या भाऊंना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मग एवढी पिशवी कशाला? रिक्षा केलीत तर चहाला घरी परत याल." त्यांच्या डोळ्यांपुढे आपला प्रतापनगरकडचा हजिरा होता. अकबराचा सरदार कुतुबुद्दीन महंमदखान याची ती कबर. बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला दुसरा हजिरा आठवायचे कारणच नाही. मी निघालो होतो तो हजीरा तापीच्या मुखाशी, सुरतेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा, गुराढोरांचा वाडा. पुढे कबरीभोवतीच्या आवारालाही तोच शब्द लागला. एकाच शब्दात जनावरांचा निवाराही आला आणि थडगेही आले. परतीच्या गाडीत या दोन अर्थांनी मला पुष्कळ वेळ स्वस्थ बसू दिले नाही. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी थोरली बहीण सुरतेस दिली. तिचे यजमान, आमचे दाजी, यांना घोड्यांचा नाद. त्यांच्या वडिलांनी हजीऱ्याच्या वाटेवर चौदा एकर जमीन घेऊन ठेवली होती. निम्मी खारपट, निम्मी बरी. त्या जमिनीवर दाजींनी १९८९ साली दोन घोडी बांधली. त्यांतली एक काठेवाडी आणि दुसरी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. सध्याच्या नंदुरबार जिल्ह्यातले हे सारंगखेडे तापीच्याच काठी आहे. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. "एकाच नदीचे पाणी पिणारी घोडी, फक्त खाली उतरवून आणली," असे दाजी गमतीने म्हणत. ते जाऊन आता सहा वर्षे झाली. अक्का आणि भाचा मिळून कारभार पाहतात. दोन घोड्यांची पंचवीस झाली आहेत, शिंगरे वेगळी. फाटकावर आता इंग्रजी धाटणीची पाटी आहे आणि तीत 'रँच' हा शब्द आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अक्का अजून 'पागेवर जाते' असेच म्हणते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "नकाशा आला आहे. मुलगा म्हणतो सही कर. तू एकदा येऊन बघ, मग काय ते ठरवू." मला वास्तुशास्त्रातले काही कळत नाही. पण आमचे घराणे शिलेदारांचे. निदान घोड्यांविषयी तरी मला चार गोष्टी ठाऊक असतील, अशी तिची समजूत. वस्तुतः माझ्या आजोबांनंतर घरात घोडा उभा राहिलेला नाही. तरीही गेलो.

सुरत सोडली की इच्छापोर, कवास अशी गावे लागतात आणि मग दोन्ही बाजूंना कारखान्यांची रांग सुरू होते. १९८० नंतरच्या दशकात इथे वायू आणि खतांचे प्रकल्प आले, मागून पोलाद आणि रसायने आली, पुढे बंदर झाले. एके काळी या किनाऱ्याची ख्याती वेगळीच होती. जवळच्या सुवाळीच्या नाळेत इंग्रजांची गलबते नांगर टाकीत. १६१२ साली त्यांची पोर्तुगिजांशी आरमारी झुंज झाली ती इथेच, आणि १६१५ साली सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला तोही इथेच उतरला. अरबस्तान-इराणकडचे घोडे पश्चिम किनाऱ्याच्या ज्या बंदरांत उतरत, त्यांत सुरतही होती. तेव्हा या मातीला घोड्याच्या टापा नव्या नाहीत. मात्र आज तिथे जमिनीचा भाव एकराने बोलत नाहीत, वाराने बोलतात, आणि सगळ्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

पागेत शिरल्यावर प्रथम जाणवला तो उंचवटा. सपाट जमिनीत पुरुषभर उंचीचे एक लांबरुंद टेकाड आहे आणि त्यावर तबेला आहे. हे टेकाड निसर्गाने केलेले नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला, हे वाचक विसरले नसतील. त्या रात्री दाजींचा जुना तबेला खाली, खाडीच्या अंगाला होता. पाणी गुडघ्यापर्यंत आले तेव्हा मोतद्दारांनी अगाडी-पिछाडी कापली आणि घोडी अंधारातून रस्त्याच्या भरावावर नेली. त्यांनी तिथे तीन दिवस काढले. वैरण सगळी वाहून गेली. दोन शिंगरे हाती लागली नाहीत. पाणी ओसरल्यावर दाजींनी पहिली गोष्ट केली ती ही, की वर्षभर डंपरने मुरूम आणून हे टेकाड रचले. घराला गिलावा करायचा होता तो राहिला. "घर बुडाले तर आपण गच्चीवर जाऊ. घोडी कुठे जाणार?" असे ते म्हणाल्याचे अक्का सांगते.

त्या टेकाडावरचा तबेला पाहताना मला जे शिकायला मिळाले ते थोडे सविस्तर सांगतो. हल्ली आपल्या मंडळींत शेतघरे बांधण्याची हौस वाढली आहे आणि कोणी तिथे घोडा ठेवावा म्हटले, तर तो मोटारीच्या गॅरेजात बांधतात.

तबेल्यात दोन ओळी आहेत आणि मधून रुंद वाट. एकेका घोड्याचे ठाण बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद, म्हणजे घोड्याला वळता येते आणि लोळताही येते. भिंती छातीपर्यंतच, वर गज. घोड्याला शेजारी दिसला पाहिजे, एकटा पडला की तो झुरतो. छप्पर उंच आहे आणि आढ्याशी उघडी फट ठेवली आहे. मुतारीचा तीव्र वास आणि वैरणीची धूळ यांनी घोड्याची छाती बिघडते. थंडीपेक्षा त्याला कोंदट हवा अधिक बाधते. छपरावर मंगळुरी कौले आहेत. आधी पत्रे होते, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत ते पाच वर्षांत चाळणी झाले. नैर्ऋत्येचा वारा सरळ आडवा जावा असा इमारतीचा रोख धरला आहे. पावसाचा मारा आणि दुपारचे ऊनही त्याच बाजूने येते, म्हणून तिकडे खोल पडवी काढली आहे. खाली फरशी नाही. चोपलेला मुरूम आणि वर भाताचा पेंढा. ओल साचली तर खुराच्या तळव्यातला मऊ भाग कुजू लागतो आणि मग चांगला घोडाही अवघ्या एका पावसाळ्यात लंगडा होतो. खारपटीच्या चिखलात तर हे ठरलेलेच.

वैरणीची कोठी तबेल्यापासून दीडशे पावलांवर आहे आणि तिच्यात विजेचा दिवासुद्धा नाही. हे पाहून मला चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीला शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या पत्राची आठवण झाली. त्या पत्रातला रयतेला त्रास देऊ नका हा भाग आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकतो. पण त्यात घोड्यांविषयी जे आहे ते मला अधिक थक्क करते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आधीच उधळले तर पुढे ते मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होतील, हे त्यात बजावले आहे. शिवाय गवताजवळ आगटी पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी भस्म होतील, असा इशारा आहे. ज्या राजाला दिल्लीच्या बादशहाशी आणि विजापूरशी टक्कर द्यायची होती, त्याने उंदराने नेलेल्या वातीचा विचार केला होता. पागा चालते ती अशा विचारांवर. सभासदाच्या बखरीतही पंचवीस बारगिरांमागे एक पखाली आणि एक नालबंद अशी नेमणूक सांगितली आहे. म्हणजे घोडा आला की त्याच्याबरोबर पाणी आणि नाल यांचा हिशेब आलाच. आजचा हिशेबही तसाच आहे. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. अक्काच्या पंचवीस घोड्यांना केवळ पिण्यासाठी हजार लिटर लागते, आणि तिथल्या विंधण विहिरीचे पाणी खारे आहे. म्हणून कौलांवरचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत घेतात आणि उरलेले टँकरने आणतात.

आणखी दोन बारीकसारीक इमारती आहेत, ज्यांच्याकडे पाहुण्याचे लक्ष जात नाही. एक, दूरच्या कोपऱ्यातली दोन ठाणांची खोप. नवा घोडा आला की तपासणीचा निकाल येईपर्यंत तो तिथेच राहतो. ग्लँडर्ससारख्या रोगाला उपाय नाही. रोग ठरला की कायद्याने घोडा मारावा लागतो, आणि हा रोग माणसालाही होतो. दुसरी, लिदीचा खड्डा, वाऱ्याच्या उलट दिशेला. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. ती तबेल्याजवळ पडू दिली की माश्या आल्या. आणि बाकी सगळे? बाकी नऊ एकर नुसते मोकळे मैदान. लाकडी कुंपणाने त्याचे चार भाग केले आहेत. एका भागात घोडी चरतात आणि तीन भागांत गवत वाढते, मग आळीपाळीने बदलतात. कडेने निंब, शिरीष आणि गोरखचिंच. शिंगराची हाडे दाण्याने बनतात तितकीच धावण्याने बनतात, हे दाजींचे म्हणणे मला त्या संध्याकाळी पटले. चार शिंगरे आयांच्या मागे उधळली होती आणि काठेवाडी शिंगरांचे कान टोकाशी एकमेकांना भिडत होते.

असो. आता नकाशाकडे वळतो.

नकाशा उत्तम कागदावर होता, रंगीत होता. त्यात उंचवट्यावर बारा खोल्या होत्या, प्रत्येकीला गच्ची. तिथून खाडी दिसते आणि वारा येतो. तबेला खाली नेला होता, बरोबर जिथे २००६ साली तो होता. नवा तबेला दिसायला देखणा होता, कमानींचा, पण ठाणे दहा बाय आठची आणि छप्पर पत्र्याचे. वैरण तबेल्याच्याच माळ्यावर. नऊ एकरांपैकी सहा एकर लग्नकार्यासाठी हिरवळ, कारंजे आणि मोटारी उभ्या करायची जागा. लिदीचा खड्डा आणि आजारी घोड्याची खोप मला सापडली नाही. शोधताना भाचा म्हणाला, "मामा, ते नंतर कुठेतरी बसवू."

भाच्याची बाजूही मी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तो उडाणटप्पू नाही. पहाटे पाचला तो खरारा हातात घेतो. त्याने वही माझ्यापुढे टाकली. चंदी, वैरण, नालबंद, डॉक्टर, सहा माणसांचे पगार, पाण्याचे टँकर. जमेच्या बाजूला वर्षाला विकली जाणारी चार-पाच शिंगरे, शाळेतल्या मुलांचे घोडेस्वारीचे वर्ग आणि लग्नाच्या वरातीला जाणारे दोन घोडे. वजाबाकी करायला चष्माही लागला नाही. "गेली दहा वर्षे बाबांच्या ठेवी मोडतो आहे," तो म्हणाला. "जमीन विकली तर मी जन्मभर बसून खाईन. मला विकायची नाही, म्हणून तर हे करतो आहे. घोडी राखायची तर पाहुण्यांनी ती पोसली पाहिजेत." या बोलण्यात खोटे काही नाही. आपल्यापैकी किती जणांनी वाडवडिलांचा वाडा राखण्यासाठी एवढी तरी धडपड केली? बहुतेकांनी बांधकाम करणाऱ्याला बोलावले आणि तिसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट घेतले. मीही त्यांतलाच. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला बेताचाच आहे.

तरीही माझे मत मी त्याला सांगितले आणि इथेही सांगतो, कारण हा प्रश्न अक्काच्या पागेपुरता नाही. घराण्याने चालविलेली पागा वाढवायची झाली, तर आधी काय हलणार नाही हे ठरवावे आणि मग काय बांधायचे ते ठरवावे. उंच जमीन, मोकळी जमीन, पाणी आणि वैरणीची सुरक्षित जागा या चार गोष्टी घोड्याच्या. त्यांना हात लावू नये. उरलेल्या जागेत माणसांनी आपली हौस, सोय आणि धंदा बसवावा. त्या नकाशात सगळे उलटे झाले होते. उत्तम ते पाहुण्याला आणि उरलेले घोड्याला. अशी पागा पहिली दोन-तीन वर्षे छान चालते, छायाचित्रे छान येतात. मग पत्रा गंजतो, खूर कुजतात, एखादी घोडी पोटशुळाने जाते. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे त्याचा पोटशूळ जिवावर बेततो. पागेचा धंदा पाहुण्यांवर चालू लागला की घोडी कमी करणेच परवडते. शेवटी शोभेला दोन उरतात. नाव 'रँच' राहते.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. आपल्याच गावाकडे पाहा. दांडिया बाजाराजवळ हुजरात पागा आहे. त्या नावाने पत्ते लिहिले जातात, टपाल येते. तिथे राहणाऱ्या मुलाला मी विचारले, पागा म्हणजे काय? तो म्हणाला, "एरियाचे नाव आहे." पुण्याच्या हुजूरपागेची कथाही तीच, फक्त तिथे पेशव्यांच्या घोड्यांच्या जागी मुलींची शाळा उभी राहिली आणि मराठी मुलींच्या शिक्षणाचे फार मोठे काम झाले. त्या बदलाबद्दल कोणीही हळहळू नये. परंतु आपल्याकडील पुष्कळ पागांच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. सोनगडच्या डोंगरातून पिलाजीराव गायकवाड गुजरातेत उतरले ते घोड्याच्या पाठीवर. आपण सारे त्या टापांच्या मागून इथे आलो. कोणी कारकून म्हणून आले, कोणी भिक्षुक म्हणून, कोणी शिलेदार म्हणून. त्या घोड्यांचे आपल्यापाशी काय उरले? चंदी, तोबरा, खरारा, मोतद्दार हे शब्दसुद्धा आपल्या नातवंडांना समजावून सांगावे लागतात.

आता याच्या उलट उदाहरण, तेही आपल्याच राजघराण्याचे. प्रतापसिंहराव महाराजांचा शर्यतीच्या घोड्यांचा नाद बडोदेकरांना सांगायला नको. १९४५ साली न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिन्यांना घेतले आणि त्याला 'सयाजीराव' हे नाव दिले. त्या घोड्याने १९४७ साली आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकली. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू'ने टू थाउजंड गिनीज जिंकली. हा पैसा कोणाचा आणि कशासाठी, हा वाद तेव्हाही झाला आणि तो अप्रस्तुत नव्हता. राज्य १९४९ साली विलीन झाले, महाराजांचे पद १९५१ साली गेले, वैभव विखुरले. पण आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात 'बडोदा स्टड' या नावाची अश्वपैदास आजही चालू आहे. मालक बदलले, पण कुरणे राहिली. त्या भागातल्या चुनखडीच्या जमिनीवरचे गवत शिंगरांच्या हाडांना मानवते, अशी तिथल्या घोडेवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे, आणि त्या गवताला कोणी हात लावला नाही. म्हणून बडोद्याच्या हुजरात पागेत घोडा नाही आणि बडोद्याच्या नावाने आयर्लंडमध्ये शिंगरे जन्मतात. घराण्याच्या हातून जागा गेली तरी घोडा टिकतो. मैदान गेले, तर घराणे टिकूनही घोडा टिकत नाही.

भाच्याने यावर रास्त प्रश्न केला. "मामा, महाराजांची गोष्ट ठीक आहे. आमच्यासारख्यांनी पैसा कुठून आणायचा?" मी त्याला पुण्याचे उदाहरण दिले. पूनावाला कुटुंबाने १९४६ साली तिथे अश्वपैदास सुरू केली. पैदाशीच्या आणि शर्यतीच्या कामाचे न राहिलेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याच्या रक्तातून धनुर्वात, सर्पदंश यांवरचे औषध काढतात. ते औषध आपणच का करू नये, या विचारातून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट निघाली आणि तिचे आज जगात नाव आहे. सगळ्यांना असे यश मिळेल असे मी म्हणत नाही. पण मूळ मुद्दा लक्षात घ्यावा. त्या कुटुंबाने आपल्याजवळच्या घोड्याकडे पाहिले आणि त्यातूनच नवी वाट काढली. पैदास बंद करून तिथे दुसरेच काही थाटले नाही.

हजीऱ्याच्या पागेलाही अशी वाट आहे, तिच्या बेताची. स्वारीचे वर्ग वाढवता येतील. सुरतेत मुले पुष्कळ आहेत आणि मैदाने थोडी. अपंग मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम देण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुजते आहे, तिला शांत घोडी आणि मऊ जमीन लागते. अक्काकडे दोन्ही आहेत. काठेवाडी घोड्याची पैदास नोंद ठेवून, वंशावळ सांभाळून केली तर चांगल्या शिंगराला किंमत येते. भीमथडी घोड्याला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता २०२३ साली मिळाली. ज्या तट्टांनी मराठ्यांचे राज्य पाठीवर वाहिले त्यांची नोंद होण्यास एवढा काळ लागला, ही आपल्यालाच लाज आणणारी गोष्ट. पण मान्यता मिळाली म्हणजे मागणीही येईल. आणि लीद? सुरतेतल्या रोपवाटिका ती पैसे देऊन नेतात. भाचा ती आजवर फुकट देत होता.

आणि खोल्या? त्याही बांधाव्यात. मी काही विरागी नाही, मलाही तिथे राहायला आवडेल. पण त्या रस्त्याच्या बाजूला, खांबांवर बांधाव्यात. खाली मोटारी उभ्या राहतील आणि पूर आला तर पाणी खांबांमधून जाईल. माणसाला जिना चढता येतो, घोड्याला येत नाही. खाडीच्या बाजूला बांधकामाला किनाऱ्याचे नियम आडवे येतात ते वेगळेच, ते वकिलाला विचारावे. बारा खोल्यांच्या सहाच होतील. पाहुण्याला गच्चीवरून खाडी दिसणार नाही, पण सकाळी उठून पाहील तो नऊ एकरांत सुटलेली घोडी दिसतील. ज्याला तेवढ्याने समाधान नाही त्याच्यासाठी डुमसचा किनारा जवळच आहे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिशेब पुन्हा मांडावा लागेल. सहा खोल्यांत भागेल असे वाटत नाही." मी म्हटले, "मांड. भागले नाही तर तू मला सांग, मी उगाच हट्ट धरणार नाही. पण टेकाडाला हात लावण्याआधी त्या रात्री घोडी कोणी बाहेर काढली त्याला विचार." तो माणूस अजून तिथेच आहे. सत्तरी उलटली आहे, डोळे अधू झाले आहेत, पण तोबरा बांधताना प्रत्येक घोडीला नावाने हाक मारतो. त्याला नकाशा दाखवला तेव्हा कागद उलटसुलट करून त्याने एवढेच विचारले, "पाणी आले तर यांना कुठून बाहेर काढायचे?" वाट नकाशात नव्हती.

आपल्या समाजात अजूनही पुष्कळ कुटुंबांपाशी वाडवडिलांची जमीन आहे. कोणाची डभोईकडे, कोणाची सावलीकडे, कोणाची नवसारी प्रांतात. तिचे काय करायचे ही बोलणी घरोघर चालू आहेत. विकू नका असे सांगण्याचा मला हक्क नाही. पण राखायचे ठरवलेत तर, ज्याच्यासाठी राखता आहात त्याला आधी जागा द्या. देवघर असो, विहीर असो, ग्रंथ असोत की घोडा असो. त्याला अडगळीत ढकलून जे उरेल ते आपण राखले असे म्हणण्यात अर्थ नाही. कुंपण तेच राहील, पण त्या अरबी शब्दाचा कोणता अर्थ त्याला लागू होईल, ते सांगायला नको.

निघताना मी अक्काला विचारले, "मग सहीचे काय?" नकाशाची गुंडाळी तिने फडताळावर टाकली होती. ती पदर खोचीत म्हणाली, "नवा नकाशा येऊ दे, तेव्हा बघू. आता चंदीची वेळ झाली." आणि ती टेकाड चढू लागली. वरून घोडी खिंकाळत होती.